ग्रामीण रुग्णालयाची ऑक्सिजन व्यवस्था: लाइट गेल्यावर किती तास?

साथीच्या तयारीचा सरकारी आढावा निघाला की पहिला आकडा येतो तो खाटांचा. अमुक तालुक्यात ३० ऑक्सिजन खाटा, तमुक ठिकाणी ५०. कागदावर बरं दिसतं. पण खाट म्हणजे लोखंडी पलंग, गादी आणि भिंतीतलं एक आउटलेट. त्या आउटलेटमधून किती दाबाने, किती शुद्ध आणि किती वेळ ऑक्सिजन येणार, याचा त्या आकड्यात पत्ताच नसतो. म्हणून इथे परीक्षण तासांच्या हिशेबाने केलं आहे. कोविडनंतर महाराष्ट्रातल्या ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयांत जी यंत्रं आली, ती धरून भरलेला वॉर्ड किती तास तग धरेल?

आधी या रुग्णालयांवर काय येऊन पडतं ते बघू. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने तीन थर ठरवले: सौम्य रुग्ण कोविड केअर सेंटरला, मध्यम रुग्ण समर्पित कोविड हेल्थ सेंटरला, गंभीर रुग्ण समर्पित कोविड हॉस्पिटलला. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय बहुतेक ठिकाणी मधल्या थरात होतं. म्हणजे ऑक्सिजन द्यायचा, आणि रुग्ण खालावला की जिल्ह्याला पाठवायचा. १८ एप्रिल २०२१ ला राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण सापडले. त्या आठवड्यांत वरचा थर भरलेला होता, त्यामुळे 'पाठवायचे' रुग्ण तालुक्यातच राहिले. मिनिटाला चार लिटर ऑक्सिजनवरचा माणूस पंधरा लिटरवर गेला, पण खाट तीच आणि सिलेंडरही तेवढेच. आखणीतली खरी चूक ही होती: मधल्या थराला गंभीर रुग्ण दोन-तीन दिवस सांभाळावा लागेल, हे कुणी धरलंच नव्हतं.

आता हिशेब. जम्बो, म्हणजे डी टाइप सिलेंडरमध्ये ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर ऑक्सिजन मावतो. वॉर्डात २० जण ऑक्सिजनवर आहेत असं धरा. त्यांतले १४ नाकातल्या नळीवर, मिनिटाला ५ लिटर. ६ जण पिशवीच्या मास्कवर, म्हणजे एनआरबीएमवर, मिनिटाला १५ लिटर. बेरीज १६० लिटर. दिवसाला ३३ जम्बो. सहा अधिक सहा सिलेंडरचा मॅनिफोल्ड, म्हणजे सिलेंडर रांगेत जोडून पाइपलाइनला ऑक्सिजन देणारी सोय, असेल तर एक बाजू चार तास वीस मिनिटांत रिकामी होते आणि दोन्ही मिळून पावणेनऊ तास जातात. तेही कागदावर. सिलेंडर तळापर्यंत उपसत नाहीत, थोडा दाब आत ठेवूनच बदलावा लागतो, म्हणून प्रत्यक्षात आठ तास धरा. याच वॉर्डात एक एचएफएनसी, म्हणजे नाकातून जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देणारं यंत्र, ६० लिटर प्रवाह आणि १०० टक्के ऑक्सिजनवर लावलं, तर ते एकटं दोन तासांच्या आत एक जम्बो पितं. तालुक्याच्या ठिकाणी ही यंत्रं वाटताना त्यांच्या ऑक्सिजनचा हिशेब कुणी केला होता, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

या आठ तासांपलीकडे नेण्यासाठी सरकारने जे केलं त्यात सगळ्यांत मोठी गोष्ट पीएसए, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणारे प्लँट. पीएम केअर्समधून देशभर १,२२४ प्लँट मंजूर झाले आणि ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत त्यांतले १,१०० हून अधिक चालू झाल्याचं केंद्राने जाहीर केलं. राज्याने आपल्या निधीतून, जिल्हा नियोजनातून आणि कंपन्यांच्या सीएसआरमधून लावले ते वेगळे. त्याच्याही आधी, सप्टेंबर २०२० मध्ये, दुसऱ्या लाटेची चाहूलही नसताना, नंदुरबारला पहिला प्लँट लागला. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी राजेंद्र भारूड स्वतः डॉक्टर. आदिवासी जिल्ह्यात टँकर कधी येईल याची खात्री नाही, तेव्हा ऑक्सिजन तिथेच तयार व्हायला हवा, हा विचार साधा होता. बाकीच्यांना तो पटायला एप्रिल २०२१ उजाडावा लागला.

प्लँटचं काम समजून घेतलं की तो कुठे फसतो तेही कळतं. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ड्रायर तिच्यातलं पाणी काढतो, फिल्टर धूळ आणि तेलाचा अंश अडवतात. मग ती हवा झिओलाइटच्या खड्यांनी भरलेल्या दोन टाक्यांपैकी एकीत शिरते. दाबाखाली झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे सुटतो. तोवर दुसरी टाकी दाब सोडून आपला नायट्रोजन बाहेर फेकते. प्लँटजवळ उभं राहिलं की ठरावीक अंतराने फुस्स असा आवाज येतो, तो हाच. पुढे मिळणारा ऑक्सिजन ९३ टक्क्यांच्या आसपास, तीन वर-खाली. उपचाराला तो चालतो.

झिओलाइटचे दोन वैरी, पाणी आणि तेल. ड्रायरच्या खालचा पाणी काढणारा व्हॉल्व्ह गाळाने तुंबला की ओलसर हवा टाकीत जाते, खडे पाणी धरतात आणि नायट्रोजन धरायची त्यांची ताकद जाते. एकदा गेलेली शुद्धता फिल्टर बदलून परत येत नाही. खडे बदलावे लागतात आणि तो खर्च मोठा असतो. म्हणूनच प्लँट बंद ठेवणं हा त्याला जपण्याचा मार्ग नव्हे. कोकणात किंवा भामरागडसारख्या ठिकाणी पावसाळाभर कुलपात राहिलेला प्लँट दिवाळीत चालू केला तर शुद्धतेचा काटा ९० च्या वर चढायचं नाव घेत नाही. गरज असो वा नसो, तो नेमाने काही वेळ चालवायचा. तेही दाखवण्यापुरती पाच मिनिटं नाहीत, तर शुद्धता स्थिर होईपर्यंत आणि त्यानंतरही थोडा वेळ.

विदर्भात दुसरीच अडचण, उष्णता. पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर, बाहेर ४५ अंश, आत त्याहून जास्त. कॉम्प्रेसर तापून ट्रिप होतो. शेडला दोन्ही बाजूंनी मोकळी जाळी आणि गरम हवा बाहेर नेणारा डक्ट असेल तर हा त्रास बराच कमी होतो. काही ठिकाणी हवा ओढायचं तोंड आणि जनरेटरचा धूर एकाच बाजूला असतात. लाइट गेली, जनरेटर लागला, की प्लँट धूर ओढायला लागतो. आराखडा मंजूर करताना जागेवर कुणी गेलंच नव्हतं हे कळायला यापेक्षा मोठा पुरावा नको.

लाइट हा मात्र स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. रुग्णालयाच्या जुन्या जोडणीला प्लँटचा कॉम्प्रेसर पेलत नाही. वाढीव भार मंजूर करून घ्यावा लागतो आणि बहुतेक ठिकाणी ट्रान्सफॉर्मरही वेगळा लागतो. तो झाला तरी जनरेटर जुनाच, ऑपरेशन थिएटर आणि लसींच्या फ्रिजपुरता. म्हणजे लाइट गेली की प्लँट बंद, आणि मॅनिफोल्डवर सिलेंडर नसतील तर वॉर्डही बंद. ग्रामीण फीडरवर तीन फेजपैकी एक गेला तरी सुरक्षा रिले मोटर बंद करते, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर मोटर जळेल. पण फेज परत आला म्हणून प्लँट आपोआप चालू होईल असं नाही. पॅनेलवरचा अलार्म रिसेट करून कुणीतरी बटण दाबावं लागतं, आणि त्यानंतर शुद्धता यायला वेळ जातो. रात्री दोन वाजता ते 'कुणीतरी' कोण? ज्या रुग्णालयात याचं उत्तर एका नावाने आणि मोबाइल नंबराने भिंतीवर लिहिलेलं आहे, तिथला प्लँट खरा. बाकीच्या ठिकाणी तो उद्घाटनाची पाटी लावायला बरा.

आणखी एक त्रुटी फारशी बोलली जात नाही. प्लँटमधून ऑक्सिजन चार-पाच बार दाबाने निघतो आणि जम्बो भरायला दीडशे बार लागतात. मधे बूस्टर कॉम्प्रेसर नसेल तर प्लँटमधून सिलेंडर भरता येत नाही. मिनिटाला ५०० लिटरचा प्लँट आणि वॉर्डाची गरज १६० लिटर असेल, तर ३४० लिटरची क्षमता तशीच वाया जाते. बूस्टर असता तर त्यात तासाला जवळजवळ तीन जम्बो भरले असते. बूस्टरला परवाना लागतो, भरणारा माणूस प्रशिक्षित लागतो, हे सगळं खरं. तरी दर तालुक्याला नाही, पण तीन-चार तालुक्यांत मिळून एका ठिकाणी बूस्टर असायलाच हवा. आमच्या मते पुढचा रुपया इथे खर्चावा.

मॅनिफोल्डला या सगळ्यात कुणी विचारत नाही, आणि खरं तर वॉर्ड वाचवतो तोच. दोन रांगा: एक चालू, एक राखीव, दाब पडला की बदल आपोआप. ही आपोआप बदलणारी सोय अनेक ठिकाणी नसते, किंवा असून बिघडलेली असते, आणि मग कक्षसेवक हातात पाना घेऊन घड्याळाकडे बघत बसतो. तांब्याच्या पिगटेल नळ्या, त्यांचे वॉशर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, हा सगळा काही हजारांचा माल. नॉन-रिटर्न गेला तर भरलेल्या सिलेंडरमधला वायू रिकाम्यात शिरतो आणि एक सिलेंडर बदलताना पूर्ण रांग गळते. थ्रेडला ग्रीस किंवा तेल कधीही लावायचं नाही. ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर आग लागते, आणि चिकटलेला नट सुटावा म्हणून ही चूक हमखास होते. सिलेंडरचा रंगही बघा: वैद्यकीय ऑक्सिजनच्या सिलेंडरचं अंग काळं, खांदा पांढरा. अख्खा काळा असेल तर तो कारखान्याचा. २०२१ मध्ये कारखान्यांचे सिलेंडर रुग्णालयांकडे वळवले गेले. ते आतून धुऊन, तपासून, व्हॉल्व्ह बदलूनच वापरायचे असतात.

द्रव ऑक्सिजनची, म्हणजे एलएमओची, टाकी जिल्हा रुग्णालयाला शोभते. एक टन म्हणजे साधारण १०० जम्बो, उणे १८३ अंशांवर. ३० खाटांच्या ठिकाणी वापर कमी असेल तर टाकीतला द्रव नुसताच उडून जातो आणि टँकर यायला दोन दिवस लागतात. नाशिकच्या महापालिका रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ ला टाकीतून गळती झाली, पाइपलाइनचा दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. टाकी मोठी आणि मागचा आधार तोकडा असला की काय होतं, ते तिथे दिसलं. तालुक्यालाही हाच नियम: प्लँट, मॅनिफोल्ड आणि सुटे सिलेंडर, हे तिन्ही एकमेकांना पर्याय म्हणून उभे असले पाहिजेत. प्लँट आला म्हणून सिलेंडरचा ठेका बंद करणं ही काटकसर नव्हे.

कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढणारं खाटेजवळचं यंत्र, याबद्दल मत संमिश्र. दुसऱ्या लाटेत ते पोत्याने आले, देणग्यांमधून तर फारच. ५ लिटरचं यंत्र सौम्य ते मध्यम रुग्णाला, आणि लाटेनंतर दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या जुन्या रुग्णालाही उपयोगी पडतं. मात्र काटा पूर्ण वर नेला की काही यंत्रांची शुद्धता ८० च्या घरात उतरते, म्हणून शुद्धता दाखवणारा दिवा किंवा मीटर असलेलंच यंत्र घ्यावं. मागचा जाळीचा फिल्टर आठवड्याला धुवायचा आणि पूर्ण वाळवून लावायचा. नळीतून हवा कमी वाटली तर आधी ह्युमिडिफायरच्या बाटलीचं झाकण बघा. ते आटे चुकवून बसवलेलं असतं आणि अर्धा ऑक्सिजन तिथूनच निसटतो. तपासायला नळीचं टोक बोटाने दाबायचं. बाटलीवरचा व्हॉल्व्ह शिट्टी वाजवू लागला तर जोडणी घट्ट आहे. गप्प राहिला तर गळती आहे. १० लिटरचं एक यंत्र सहाशे वॅटच्या आसपास वीज घेतं. एका वॉर्डात दहा लावली की सहा किलोवॅट, आणि वॉर्डाचं वायरिंग पंखे आणि ट्यूबलाइटच्या काळातलं. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला नवजात अर्भकांच्या कक्षात लागलेल्या आगीत दहा बाळं गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. ऑक्सिजन वाढवला की विद्युत तपासणीही त्याच दिवशी वाढवावी लागते. जादा ऑक्सिजनच्या हवेत ठिणगी पडली की चादरही भडकते.

व्हेंटिलेटरांवर फार लिहिण्यासारखं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे २०२१ मध्ये सदोष व्हेंटिलेटरांची दखल घेतली, तो विषय गाजला. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ किंवा फिजिशियन चोवीस तास नसतो, तिथे व्हेंटिलेटर खोक्यात राहणार हे उघड होतं. खोक्यात राहिला तरी त्याचा ऑक्सिजन सेन्सर झिजतच असतो, तो रासायनिक घट आहे. बॅटरीही बसते. दोन वर्षांनी काढलेलं यंत्र चालू होतं, पण आकडे खोटे दाखवतं. त्याऐवजी बायपॅप, म्हणजे घशात नळी न घालता मास्कमधून दाबाने श्वास देणारं यंत्र, आणि ते चालवायला शिकवलेल्या दोन परिचारिका, हा सौदा तालुक्याला अधिक फायद्याचा.

माणसांच्या बाबतीत गुण सगळ्यांत कमी. लाटेत कंत्राटी डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ घेतले आणि लाट ओसरली की मुदत संपली. त्यांच्याबरोबर प्लँट चालवायचं कसबही गेलं. ऑक्सिजनची सगळ्यांत स्वस्त बचत मात्र माणूसच करतो. नंदुरबारने 'ऑक्सिजन नर्स' नेमली, तिचं काम एकच: खाटोखाटी फिरून प्रवाह बघणं. रुग्ण जेवायला किंवा संडासला गेला की मास्क उशीवर आणि फ्लोमीटर १५ वर सूं सूं करत राहतो; तो बंद करणं. ऑक्सिजनची पातळी ९२ ते ९६ मध्ये स्थिर असेल तर प्रवाह उतरवून बघणं. मघाच्या सहा एनआरबीएमवाल्यांपैकी तिघांना साध्या मास्कवर ८ लिटरला आणता आलं तर दिवसाला चार जम्बो वाचतात. शुद्ध हरपलेली नसेल तर रुग्णाला पालथं झोपवणं, हेही तिचंच काम, आणि त्याला एक पैसा लागत नाही. साथ नसतानाही दर पाळीला एका परिचारिकेवर ही जबाबदारी नावाने लिहून ठेवता येते; नवं पद निर्माण करायची वाट बघायला नको.

देखभालीचं कंत्राट हा कागदी विषय वाटतो, पण २०२१ चे प्लँट आता वॉरंटीबाहेर पडले आहेत किंवा पडत आहेत. पुढचा देखभाल करार कुणाच्या लेखाशीर्षातून होणार? सीएसआरमधून आलेल्या यंत्रांचा प्रश्न आणखी बिकट. देणाऱ्याने फोटो काढला, सुटे भाग कुठे मिळतात ते सांगितलं नाही. रुग्ण कल्याण समितीने निदान फिल्टर, ऑइल, ड्रेन व्हॉल्व्ह, सेन्सर यांची वर्षाची यादी करून स्थानिक निधीतून ते आधीच घेऊन ठेवावेत.

मॉक ड्रिल या प्रकाराला पाचपैकी दोन. २७ डिसेंबर २०२२, १० आणि ११ एप्रिल २०२३, आणि ऑक्सिजनसाठी २ जून २०२५, अशा देशपातळीवरच्या तालमी झाल्या. काहीच नसण्यापेक्षा हे चांगलं, बंद पडलेले प्लँट त्या निमित्ताने निदान चालू करून तरी बघितले जातात. पण तारीख आधी कळते, प्लँट सकाळी साफ करून चालू होतो, साहेब येतात, फोटो आणि पोर्टलवर नोंद. खरी तालीम करायची तर न सांगता, रात्री, मुख्य स्विच पाडून करावी. लाइट गेल्यापासून मॅनिफोल्डचा दाब वॉर्डाच्या शेवटच्या आउटलेटवर किती ते मोजा. चार बारच्या खाली सरकतोय का? जनरेटर किती मिनिटांत लागला, त्याने प्लँट उचलला का, शुद्धता ९० ओलांडायला किती वेळ लागला, एक जम्बो बदलायला किती मिनिटं गेली आणि पाना जागेवर होता का. चार आकडे, दोन हो-नाही, एक कागद. ही तालीम करताना प्रत्येक ऑक्सिजनवरच्या रुग्णाच्या उशाशी भरलेला सुटा सिलेंडर हवा, हे सांगायला नको.

राहिली १०८ रुग्णवाहिका. जानेवारी २०१४ मध्ये सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांची, त्यांत २३३ अद्ययावत जीवरक्षक सोयींच्या. सेवा म्हणून ती ग्रामीण भागातली सगळ्यांत भरवशाची गोष्ट, यात शंका नाही. पण तिथेही तासांचा हिशेब लावा. भामरागड ते गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. ताशी चाळीसने साडेचार तास. १५ लिटरवरच्या रुग्णाला त्यात चार हजार लिटर लागतात, आणि बी टाइप सिलेंडरमध्ये दीड हजारच असतात. म्हणजे तीन लागतात, आणि रस्ता खराब म्हणून चौथा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला तर गाडी निघतच नाही, तेव्हा अशा ठिकाणी साठा रस्ता बंद राहण्याच्या दिवसांवर ठरवायला हवा. सगळ्या राज्याला एकच निकष लावला की पुण्याजवळच्या रुग्णालयाला जास्त होतं आणि भामरागड-धडगावला कमी पडतं.

तुमच्या तालुक्याची व्यवस्था स्वतः पारखायची असेल तर वैद्यकीय अधीक्षकांची परवानगी घेऊन प्लँटची लॉगबुक मागा. महिनाभर रोज ९३, रोज एकाच निळ्या पेनने, एकाच हाताने, रविवारीही, अशी नोंद दिसली तर ती एका बैठकीत भरलेली आहे. खरी नोंद वर-खाली होते: ९२.४, ९३.१, एखाद्या दिवशी ८९ आणि समोर 'ड्रेन साफ केला' असा शेरा. मग प्लँटच्या खोलीला कुलूप असेल तर चावी मागा, आणि ती यायला किती मिनिटं लागली ते घड्याळात बघून ठेवा.